कुठला दिवा लागलाय?

त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर त्याने बावीस वर्षं काढली. कोण कुठल्या मजल्यावर असतं, कोणता डॉक्टर जेवायला किती वाजता उठतो, सगळं तोंडपाठ. पुढे फोन आपोआप जोडले जायला लागले आणि त्याची खुर्ची गेली. मग हॉस्पिटलनेच त्याला घरबसल्या काम दिलं: बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करून पाठवायची. हे काम त्याला जास्त आवडलं. उलट बोलणारं कुणी नव्हतं.

नवव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले. वडील लेथवर काम करायचे. मुलगा घरात नुसता बसून राहायला नको म्हणून ते त्याच्यापुढे मिसळलेल्या स्क्रूंचा डबा ठेवत आणि म्हणत, "लाव बघू वेगळे." तिथून त्याची बोटं तयार झाली. घरातले पंखे, मिक्सर, इस्त्री तोच खोलायचा. एकच खोड होती: कुणाची मदत मागायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्याने नवा स्वतःच जोडायचं ठरवलं. सुटे भाग मागवले, माहितीपत्रक मोबाइलकडून तीनदा वाचून घेतलं. शनिवारी सकाळी बायको ऑफिसला गेली आणि हा जेवणाच्या टेबलावर चादर पसरून बसला. प्रत्येक मापाचे स्क्रू वेगळ्या वाटीत. अकरा वाजेपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. त्याने बटण दाबलं.

काहीच नाही. पंखासुद्धा हलला नाही.

तो घाबरला नाही. मागचा खटका चालू होता. जाड वायर नीट बसली होती. मग त्याने बटणाची बारीक वायर काढली आणि जिथे ती बसवली होती त्याच्या शेजारच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टेकवलं. पंखे भर्रकन सुरू झाले. म्हणजे वायर एक पिन सोडून बसली होती. नखाने पिना मोजताना एक निसटली असणार. "हात्तिच्या!" तो स्वतःशीच म्हणाला आणि वायर योग्य जागी लावली.

पण पंखे चार सेकंद फिरत, थांबत आणि पुन्हा सुरू होत. पुन्हा थांबत. त्याने वायरी काढून घातल्या, प्रोसेसरवरचा पंखा चाचपला, सगळं एकदा उलगडून पुन्हा जोडलं. तेच. जुना कॉम्प्युटर बिघडला की शिटी तरी मारायचा, आणि शिट्या मोजून याला कळायचं काय दुखतंय. नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाला, सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाला, ती सोय नव्हती. काय बिघडलंय ते तो फक्त दिवे लावून सांगायचा. दीड वाजला तेव्हा ऑपरेटरने हात टेकले.

आतल्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांच्या घरी नळांचं काम निघालं होतं म्हणून महिनाभर राहायला आलेल्या. शर्टांच्या कारखान्यात त्यांनी चेकर म्हणून आयुष्य घालवलं होतं. काजाचा एक टाका कमी असला तरी शर्ट परत जायचा. मुलीच्या लग्नाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता. बारा वर्षं झाली, पण जावयाशी बोलणं मुलीमार्फत: "त्यांना विचार, चहा घेणारेत का." तोही तसाच: "आईंना सांग, घेतो."

आता मुलगी घरात नव्हती.

"आई," त्याने हाक मारली. "जरा येता का? एक दिवा बघायचाय."

त्या आल्या. टेबलावरचा पसारा त्यांनी एकदा पाहून घेतला.

"कुठला दिवा?"

"बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार बारके दिवे असतील. त्यातला कुठला लागलाय?"

त्या वाकल्या. "दुसरा. पिवळा. बाजूला इंग्रजीत डी, आर, ए, एम."

"रॅम," तो म्हणाला. "पण ती तर मी नीट बसवलीय. खटका लागला होता."

"ती म्हणजे ही उभी पट्टी का?"

"हो."

"मग तिरकी बसलीय. या टोकाला खाली सोनेरी रेघ दिसतेय, त्या टोकाला दिसत नाही."

त्याने वीज बंद केली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. खटका एकाच टोकाला होता. तो लागला म्हणून त्याने दुसरं टोक तपासलंच नव्हतं. अंगठ्याने दाबलं, तसा कट्ट असा आवाज झाला.

"आता बसली," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा बटण. या वेळी पंखे थांबले नाहीत. ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

"पिवळा गेला," त्या म्हणाल्या. "आता तिसरा लागलाय, पांढरा. व्ही, जी, ए."

तो खुर्चीत मागे टेकला.

"काय झालं? जळलं का काही?"

"नाही. चूक माझी आहे." त्याने सांगितलं. पडद्यावर चित्र दाखवायला एक वेगळं कार्ड लागतं. काही प्रोसेसरमध्ये ती सोय आतच असते. त्याने ती नसलेला प्रोसेसर घेतला होता आणि कार्डही मागवलं नव्हतं. पडदा बघायचाच नाही, तर चित्राची सोय कशाला? आणि हा बोर्ड म्हणत होता, चित्राची सोय दाखवा, मगच पुढे जातो.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला दिसत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नाही?"

त्या घरात हे वाक्य इतकं सरळ कधी कुणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा ते शब्द टाळायची. ऑपरेटरला हसू फुटलं. हसता हसता त्याचा हात वाटीला लागला आणि स्क्रू जमिनीवर सांडले. सासूबाई चिडल्या नाहीत. खाली बसून त्यांनी एकेक वेचला आणि मापाप्रमाणे वाटीत घातला.

जुना कॉम्प्युटर पलंगाखाली पडून होता. त्याचं कार्ड चांगलं होतं. त्याने ते काढलं, त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली, आणि त्याने ते लांब खाचेत बसवलं. या वेळी दोन्ही टोकं तपासली. बायको कधीमधी वापरायची तो मॉनिटरही आणला. त्याची वायर सासूबाईंनी लावली.

"दिवे सगळे विझले," त्या म्हणाल्या. "पण हा काळाच आहे. सिग्नल नाही म्हणतोय."

त्याने मागे हात नेऊन वायर चाचपली. "आई, ही तुम्ही बोर्डाला लावलीत. खाली कार्डावर तशीच जागा आहे, तिथे लावा."

"मला काय माहीत? दोन सारखी भोकं कशाला ठेवतात मेले!"

तिथे लावल्यावर पडदा उजळला. त्यांना इंग्रजी वाचायची सवय नव्हती. त्या एकेक अक्षर सांगायच्या आणि तो शब्द जुळवायचा. अशी तीन पानं झाली. हार्ड डिस्क सापडली होती, रॅम पूर्ण दिसत होती. पेनड्राइव्हवरून सिस्टिम चढवायला घेतली आणि एका टप्प्यावर त्याने तीन बटणं एकदम दाबली. तसा कॉम्प्युटर बोलायला लागला.

"हे काय भरभर बडबडतंय?"

"पडद्यावर काय आहे ते सांगतंय. आता मी बघतो."

"बघा," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून भांडी घासायला गेल्या.

संध्याकाळी बायको आली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि कॉम्प्युटर खिडकीजवळ सुरू होता. "कसं काय जमलं?" तिने विचारलं. ऑपरेटर म्हणाला, "आईंनी रॅमची चूक पकडली." आतून आवाज आला, "तुझ्या नवऱ्याने प्रोसेसर चुकीचा आणला, तेही सांगा म्हणावं त्यांना." मग त्या स्वतःच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे, तुम्हीच सांगा."

सोमवारी त्याने नव्या कॉम्प्युटरवर पहिली बैठक टाइप करून पाठवली. महिना संपल्यावर सासूबाई आपल्या घरी गेल्या. आता त्यांचा मोबाइल अडला की त्या मुलीला नाही, थेट जावयाला फोन करतात. "लिहून घेऊ नका, नुसतं ऐका," असं म्हणून सुरू होतात. पडद्याच्या वरपासून खालपर्यंत काय काय आहे, कुठलं चित्र डावीकडे, कुठलं उजवीकडे, रंग कोणता, काहीही न वगळता सांगतात. ऑपरेटर ऐकतो आणि सांगतो, कुठे बोट ठेवायचं.