फेऱ्याला एक वाक्य

"ताई, त्यो शब्द वाईच परत म्हणा की."

मी कट्ट्यावर येरझाऱ्या घालत इंग्रजी निबंध घोकत होते. सकाळचे साडेपाच वाजले असतील. रस्त्याच्या मधोमध उभं राहून कुणीतरी असं म्हटल्यावर मी दचकलेच. बघते तर आमच्या पेठेत पाणी सोडणारे कांबळे. हातात छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी. रोज ते रस्त्यातलं झाकण उघडून ती चावी आत घालायचे, फिरवायचे आणि आमच्या घरी नळ वाजायला लागायचा. पण एवढ्या वर्षांत त्यांचं तोंड मी नीट पाहिलं नव्हतं. मी शब्द परत म्हटला, "इन्डिस्पेन्सेबल". त्यांनी तो दोनदा घोळवला आणि म्हणाले, "म्हंजे ज्याच्याबिगर चालतच न्हाय, त्ये. व्हय न्हवं? मी नुस्तं 'व्हेरी व्हेरी नीडफुल' लिवलं हुतं. उडालो की मग!"

पाणी सोडणारा माणूस इंग्रजीत कशाला उडेल, हे मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. ते बाहेरून बी.ए. करत होते आणि विषय इंग्रजी. माझंच वर्ष, तिसरं. बाकीचे सगळे पेपर सुटले होते, निबंधाचा एक दोनदा राहिला होता. "पदवी झाली तर क्लार्क करत्यात. यंदा न्हाय झाली तर माझं वय निघून जातंय. मग रिटायर हुस्तोवर ही चावी हाय आणि मी हाय," असं म्हणून ते हसले आणि पुढच्या झाकणाकडे गेले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा एकवीस वर्षांची, वर्गात पहिली आणि चांगली दीडशहाणी होते. वडील हायस्कुलात मास्तर, त्यामुळे दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायची हौस रक्तातच. दुसऱ्या दिवशी मी आपणहून म्हटलं, "मामा, तुम्ही लिहून आणा, मी बघते." त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून पाणी सोडून झालं की सातच्या सुमारास ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. आई चहा बाहेर आणून द्यायची. "आत या" असं त्यांना चार महिन्यांत आमच्या घरातलं कुणी म्हणालं नाही. हे मुद्दाम होतं का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर 'नाही' असं मी शपथेवर सांगितलं असतं. आता तशी शपथ माझ्याच्यानं घेववणार नाही. मामा हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातले, तिथल्या बौद्ध वस्तीतले. हे आम्हाला आडनावावरूनच माहीत होतं.

बोलायला मोठे झकास. "पाणी काय आणि इंग्लिश काय, दोन्ही वरनं येतंय. आपल्या हातात नुस्ती चावी!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी भराभर समजावायला लागले की म्हणायचे, "दमानं ताई, एकदम सोडलं की पाइप फुटतंय." गल्लीतल्या बायका पाण्यावरून कडाकडा भांडायच्या, तेव्हाही हेच वाक्य, त्याच सुरात.

आणि त्यांचे निबंध! जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर, शाईच्या पेनानं लिहिलेले. इंग्रजी असं की क्रियापद शोधायला कंदील लावावा. विषय दिला होता 'शिस्त'. मामांनी लिहिलं होतं, आमच्या गावात नळाला चाळीस घागरींची रांग लागते. माणसं रांगेत नसतात, ती घरी चहा पितात. रांगेत घागरी असतात. माणसाचा नंबर माणूस मारतो, घागरीचा कुणी मारत नाही. मी खो खो हसले. वर "हे काय आहे?" असं लाल शाईनं लिहिलं.

मग दिला तो सगळ्यांना ठाऊक असलेला विषय, विज्ञान: शाप की वरदान. चार दिवसांनी मामा तीन पानं घेऊन आले. जरा लाजत होते. "ह्ये वाईच मनापासनं लिवलंय," म्हणाले. त्यातली पाच-सहा वाक्यंच मला आठवतात, ती मराठीत सांगते. विहिरीला काठ असतो. काठावर माणूस उभा राहतो आणि कोण आलं ते बघतो. माझी आई काठापासून लांब उभी राहायची आणि कुणी घागरीत ओततंय का याची वाट बघायची. मग गावात नळ आला. नळाला काठ नसतो. म्हणून विज्ञान वरदान आहे. पण नळाला चावी असते आणि आता ती माझ्या हातात आहे. बड्या घरी लग्न असलं की मी तिकडं अर्धा तास जास्त सोडतो आणि शेवटच्या बोळात आज एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी असते. म्हणून विज्ञान शाप आहे.

मी ते वाचलं आणि मला कसंतरी झालं. खरं सांगते, चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. परीक्षकाला काय वाटेल, असलं कुणी लिहितं का, हेच आलं. त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. त्या विहिरीच्या काठावर आमच्यासारखेच कुणीतरी उभे होते, हे मला नको होतं. मी तिन्ही पानांवर तिरकी रेघ ओढली. "मामा, हे घरगुती झालं. निबंधात प्रस्तावना लागते, थोरांची वचनं लागतात, शेवटी आशावाद लागतो. असलं लिहाल तर तिसऱ्यांदा उडाल."

त्यांनी तिन्ही पानं नीट घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "तुमी म्हणशीला तसं."

मी त्यांना माझे आठ निबंध उतरवून दिले. त्यात युक्ती होती. सुरुवात आणि शेवट आठहीत तोच, मधलं तेवढं बदलायचं. शिस्त येवो, लोकशाही येवो, स्त्रीशिक्षण येवो, गाडी त्याच रुळावरून निघणार आणि त्याच स्टेशनात जाणार. वर बजावलं, "तुमचे जुने निबंध फाडून टाका, नाहीतर पेपरात तेच आठवेल." दुसऱ्या दिवशी मी विचारलंसुद्धा, फाडलेत का. "व्हय, चुलीत घातले," मामा म्हणाले. मी शाबासकी दिली. कपाळ माझं!

मग त्यांचं पाठांतर सुरू झालं. व्हॉल्व्ह पुरा उघडायला चावीचे पुष्कळ फेरे द्यावे लागतात. मामांनी ठरवलं, फेऱ्याला एक वाक्य. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला माझाच निबंध रस्त्यातून ऐकू यायचा, प्रत्येक वाक्यामागं लोखंड कुरकुरायचं. एकदा मधलंच वाक्य आठवेना, तर मामा चावी तशीच धरून उभे आणि अर्ध्या पेठेत पाण्याची नुसती करंगळी. समोरच्या काकू घागर घेऊन तावातावानं बाहेर आल्या, "अवो कांबळे, आज इंग्लिश कमी पडलं व्हय? नळाला थेंब न्हाय!" सगळी गल्ली हसली. सगळ्यांत जास्त मामाच हसले.

पेपरात नेमका तोच विषय आला, विज्ञानाचा. बाहेर आल्यावर मी त्यांना शोधलं. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला शाई लागलेली.

"लिहिलंत ना मामा?"

"लिवलं की. अक्षरन् अक्षर तुमचंच." मग म्हणाले, "एकदा वाटलं, आपलं लिवावं. आईचं. पेन टेकवलं बी हुतं. मग म्हणलं, नगं. इतकी पोरीनं मेहनत घेतलीया."

मी त्यांना म्हटलं, "बरं केलंत."

पास झाले. पेढे घेऊन आले, माझ्या आईच्या पाया पडले, आणि मला म्हणाले, "ताई, तुमचा निबंध पास झाला!" मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले. त्याच वर्षी ते क्लार्क झाले, चावी दुसऱ्याकडे गेली. मी पुढं शिकले, कॉलेजात शिकवायला लागले.

दोन हजार सालानंतर कधीतरी मी तिसऱ्या वर्षाचे पेपर तपासायला बसले. गठ्ठेच्या गठ्ठे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ध्यानात आलं की मी वाचतच नाहीये. पहिली ओळ बघायची, शेवटची बघायची आणि मार्क टाकायचे. शेकडो मुलं, निबंध एकच. तेव्हा मला नळ आठवला, ज्याला काठ नसतो. मी पुढची उत्तरपत्रिका उघडली, त्याच्या पुढची उघडली, संध्याकाळपर्यंत त्या तोडीचं एक वाक्य शोधत राहिले. मिळालं नाही. ते एकदाच आलं होतं माझ्या हातात, आणि मी त्याच्यावर रेघ मारली होती.

मी मामांच्या घरी गेले. रिटायर व्हायला आले होते, केस पांढरे, चष्मा. "आत या, आत या!" म्हणत दारापर्यंत आले. मी म्हटलं, "मामा, कॉलेजच्या अंकासाठी लिहून द्या. ते विहिरीचं. मराठीत चालेल, तुमच्या बोलीत चालेल."

"इहिरीचं? त्यात काय हाय आता?" ते म्हणाले. पण पंधरा दिवसांनी लेख घेऊन स्वतः कॉलेजात आले. दोन पानं, सुवाच्य अक्षर, नीट समास. प्रस्तावना होती, दोन सुविचार होते, जलस्रोतांचं मानवी जीवनातलं महत्त्व होतं, शेवटी उज्ज्वल उद्याची आशा होती. आई कुठंच नव्हती.

"बघा ताई, काय चुकलंय का?"

तिथंच सांगायला हवं होतं की मामा, चूक माझी झाली, ते तीन पानी लिखाण सोन्याचं होतं. पण ते इतक्या आशेनं बघत होते की माझी जीभ रेटली नाही. "छान झालंय," म्हटलं. लेख जसाच्या तसा छापला.

रिटायर झाल्यावर वर्षभरातच मामा गेले. मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा त्यांची मुलगी होती, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिनं आतून अंकातली ती दोन पानं आणली, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली.

"बाबांनी लिहिलेलं आमच्याकडं एवढंच हाय," ती म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवते मी. बघा की मॅडम, एकपण चूक न्हाय."

मी दोन्ही पानं पुन्हा वाचली. एकही चूक नव्हती.