धावणाऱ्या टीमच काहून जिंकतात?

रुपालीचं नोकरीतलं कन्फर्मेशन थांबवतोय, असं आमचे मॅनेजर कुकडे सर यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर क्लायंटने पाठवलेला चार्ट उघडा होता. धावणाऱ्या टीम जिंकतात, पास करणाऱ्या हरतात. धावण्याचं मॉड्यूल रुपालीने लिहिलेलं. म्हणजे चूक तिची, विषय संपला.

आमचं ऑफिस नागपूरच्या मिहानमध्ये. अमेरिकन फुटबॉलचा एक कॉम्प्युटर गेम आम्ही करतो. रुपाली कोड लिहिते, मी टेस्टिंग बघतो. टेस्टिंगसाठी कॉम्प्युटर स्वतःच सगळ्या टीम चालवतो, अख्खी लीग खेळवतो. या फुटबॉलमध्ये पायाला फारसं काम नसतं. चेंडू पुढे न्यायचे मुख्य रस्ते दोन. हाताने लांब फेकायचा, तो पास. काखेत धरून पळायचं, तो रन. एकच रस्ता कायम जिंकवायला लागला तर दुसरा कोण वापरणार? त्यामुळे क्लायंटची तक्रार रास्त होती. रनची ताकद कमी करा, एवढंच तो म्हणत होता.

रुपाली कोराडीच्या कॉलनीत आईबरोबर राहते. इथे कन्फर्म झाली नाही तर पुणं गाठायचं, आणि आई मागे एकटी. ती हे बोलून दाखवत नाही, पण त्या दुपारी डबा उघडून तशीच बसली होती. मला वाईट वाटलं. रागही आला.

आता आमची एक खोड सांगतो. मॅच आम्ही कोणीच बघत नाही. फास्ट चालवायची, शेवटचा आकडा उचलायचा, मोकळं व्हायचं. त्या दिवशी मी रुपालीला म्हटलं, चल, एक तरी मॅच नीट बसून बघू.

बघितली. जिंकणाऱ्या टीमने आधी पासवर पास मारून आघाडी घेतली आणि मग नुसतं पळणं सुरू केलं. कारण साधं आहे. पास हुकला की घड्याळ थांबतं, रनमध्ये बहुतेक वेळा चालूच राहतं. आघाडीवर असलेल्याला वेळ संपवायचा असतो. आमच्या शुक्रवारच्या बॉक्स क्रिकेटमध्येही जिंकत आलेला कॅप्टन उगाच बुटाची लेस बांधत बसतो. म्हणून लेस बांधल्याने मॅच जिंकता येते असं कोणी म्हणत नाही.

रुपाली स्क्रीनकडे बघत मला म्हणाली, “सर, हे धावले म्हणून जिंकले, का जिंकून राहिले होते म्हणून धावले?”

मग आम्ही स्कोअर बरोबरीत असतानाचाच खेळ वेगळा काढला. तिथे पास आणि रन जवळपास सारखे निघाले, पास किंचित वरचढच. क्लायंटने कॉलवर चार शंका विचारल्या आणि मान्य केलं. रनला हात लावायची गरज राहिली नाही.

मला वाटलं, सुटली पोरगी. पण सरांचा हेका कायम. क्लायंटचं ठीक आहे, पण दर वेळी सगळ्यात जास्त बग हिच्याच कामात निघतात, त्याचं काय? ते खरंही होतं. फक्त एखादं काम हाताबाहेर गेलं, की ‘रुपालीले द्या’ हेही सरांचंच ठरलेलं वाक्य होतं.

मी शांतपणे विचारलं, “सर, ती जाते तिथं बिघडते, का बिघडते तिथंच तुम्ही तिले पाठवून राहिले?”

सर म्हणाले, “म्हणजे आता तिचीबी मॅच पाहा लागते म्हणतं का गा?”

“पाहा लागते, सर.”

त्यांनी तिची जुनी कामं उघडली. कोणतं काम कोणत्या अवस्थेत तिच्याकडे गेलं, ते माझ्यासमोरच वाचलं. बहुतेक आधीच बिघडलेली होती. आठवड्याभरात रुपाली कन्फर्म झाली. तिच्या आईने सगळ्या टीमसाठी कोथिंबिरीचं सारण भरलेल्या पुडाच्या वड्या पाठवल्या आणि पहिली मी सरांनाच दिली.

तेव्हापासून कोणाचाही निकाल समोर आला की मी आधी विचारतो, हा मैदानात उतरला तेव्हा स्कोअर काय होता? सर तसं विचारत नाहीत. पण पुढचं बिघडलेलं मॉड्यूल त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यात बग निघाले, आणि भरपूर निघाले.