खिडकीतली भिंत

बावीस वर्षांत वनमालाबाईंनी माझा एकही ब्लाउज बिघडवला नाही आणि एकाचाही पैसा सोडला नाही. त्यामुळे तुळशीराम ठेकेदाराने त्यांना वाढीव बिल दिलं तेव्हा मला त्याचीच काळजी वाटली.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीनेक वर्षं झाली होती. त्यांचे यजमान दिवाकरभाऊ रेल्वेतून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं आणि वनमालाबाईंनी आमच्या शेजारचं हाउसिंग बोर्डाचं जुनं घर घेतलं. समोरच्या खोलीत शिलाई मांडायची होती, पण भिंतींना इतकी ओल की लोकांचे कपडे टांगायची सोय नाही. पुट्टी आणि रंगासाठी बीरगांवचा तुळशीराम ठरला. भाव फुटाप्रमाणे, आणि एकूण "बारा हजार के आसपास." काम त्याने छान केलं, खोटं कशाला बोलू! पण शेवटच्या दिवशी हातात बिल ठेवलं ते चौदा हजार सहाशेचं.

वनमालाबाईंच्या डब्यात या कामाचे बारा हजार सोडून तीन हजार होते, ते पिकोच्या मशीनसाठी. तोवर पिकोच्या साड्या त्या बाहेर पाठवत आणि निम्मी कमाई तिकडेच जाई. मशीनचा विसार देऊन झाला होता, दिवाळीआधी ती घरी यायची होती. हे बिल भरलं की मशीन गेली.

"देऊन टाक," दिवाकरभाऊ म्हणाले. त्यांचा सगळा संसार याच दोन शब्दांवर चालला होता.

"काहून देऊ?" वनमालाबाईंनी बिल परत तुळशीरामच्या हातात दिलं. "भैया, बारा बोलले होते ना?"

"राजधानी का रेट है, दीदी."

त्या दिवसांत गवंड्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांचं हेच उत्तर असे. मला त्या शब्दाची चीड होती, कारण माझी पेन्शन राजधानीची झाली नव्हती.

"राजधानी तुमची राहू द्या. भिंत माही हाय. मी नापते."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, तीच ब्लाउजच्या मापाची साठ इंची, आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "पकडा, ताई." नाही म्हणायची सोय नव्हती. दोन तास आम्ही ते घर पाच-पाच फुटांनी मोजलं. नव्याकोऱ्या रंगावर त्यांचा शिवणाचा खडू टेकला की तुळशीराम डोळे मिटून घेई. शेवटी उलगडा झाला. त्याने प्रत्येक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग धरली होती, मधली दारं-खिडक्या वजा न करता. वरचे सव्वीसशे तिथलेच.

तो जराही वरमला नाही. "सब ऐसे ही नापते हैं, दीदी. खिडकी-दरवाजा कोई नहीं काटता."

"खिडकीत भिंत कुठं हाय?" वनमालाबाईंचा आवाज चढला. "मी ब्लाउज शिवते, तर गळ्याच्या भोकाचे पैसे घेते का? कातरण बी गिऱ्हाइकाले परत देते!"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. आता हा गप्प बसणार. तुळशीराम रंगाची बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "भोक का नहीं लेतीं. पर गले की पाइपिंग का अलग लेती हो ना? पिछले हफ्ते मेरी घरवाली का ब्लाउज सिला. चालीस बोली थीं, साठ लिया."

"पाइपिंगले वेळ लागते..." वनमालाबाई म्हणाल्या.

"खिडकी के किनारे को भी लगता है."

मी मान खाली घातली. गळ्याच्या कडेच्या त्या पाइपिंगचे असे आयत्या वेळी लावलेले पैसे मीही बावीस वर्षं मुकाट्याने देत आले होते.

वनमालाबाई खिडकीपाशी गेल्या. चौकटीच्या कडेने बोट फिरवलं. रंगाची रेघ सरळ होती, लाकडावर एक थेंब नव्हता. मग त्यांनी पुन्हा टेप माझ्या हातात दिली आणि आम्ही घरातल्या सगळ्या कडा मोजल्या. माझे खांदे भरून आले होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची हिंमत झाली नाही.

"भोकाचा एक रुपया देणार नाही," त्या म्हणाल्या. "किनाऱ्याचे सहाशे देते. पुढच्या गिऱ्हाइकाले आधी सांगत जा."

तो आठशेवर अर्धा तास अडून बसला. त्या सहाशेवरून हलल्या नाहीत. शेवटी बारा हजार सहाशे मोजून घेऊन तो उठला, तेव्हा त्यांनी वर वीसची नोट पुढे केली.

"हे तुमच्या घरवालीचे. मी तिले आधी सांगतलं नव्हतं."

डब्यात सहाशे कमी पडले. मशीन दिवाळीनंतर आली आणि हंगामाचं पिको त्या वर्षीही बाहेरच गेलं. तुळशीराम गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र नव्या भिंतीवर एक खिळा आणि त्यावर पुठ्ठा दिसला: शिलाई चाळीस, पाइपिंग वीस, कापड कापायच्या आधी विचारलं जाईल.

"आणि माझे बावीस वर्षांचे वीस-वीस?" मी चेष्टेनं म्हटलं, पण अगदीच चेष्टेनं नाही.

वनमालाबाईंनी सुईत दोरा ओवला.

"तुम्ही कधी विचारलंच नाही, ताई," त्या म्हणाल्या. "त्यानं विचारलं."