हातातून सुटलेलं विमान

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ‘भिंगरी’ म्हणायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. एका जागी बूड टेकणं त्याला जमायचंच नाही. गिऱ्हाईक मशीनची तक्रार सांगायला तोंड उघडायचं, तोवर ह्याने झाकण काढून आत बोट घातलेलं असायचं. जेवताना पाय हलायचा आणि झोपेत बोटं. बायको म्हणायची, “पृथ्वी निदान सूर्याभोवती फिरते. आमचे हे कशाभोवती फिरतात, ते देवालाच ठाऊक.”

खरं तर ते तिलाही ठाऊक होतं. तो विमानांभोवती फिरायचा.

दुकानामागच्या खोलीत छताला पंख टांगलेले असायचे. बाल्सा नावाचं कापसासारखं हलकं लाकूड ब्लेडने कापून त्याच्या फासळ्या करायच्या, त्या जोडून पंख उभा करायचा, वरून रंगीत फिल्म इस्त्रीने ताणून बसवायची, आणि नाकाशी मुठीएवढं इंजिन. मूठभर इंजिन, पण आवाज असा की दोन गल्ल्यांतली कुत्री उठून बसावीत. त्याच्या इंधनात एरंडेल असतं. त्यामुळे रविवारी मैदानावरून आला की त्याच्या शर्टाला त्याचा जळका वास यायचा. “लोकांचे नवरे अत्तर लावतात,” बायको शर्ट दोन बोटांत धरून म्हणायची, “आमच्या नशिबी एरंडेल.”

मैदानावर मात्र हा माणूस वेगळाच असायचा. रिमोट हातात घेतला की खांब पुरल्यासारखा उभा. मान वर, पाय रोवलेले, हलायचे ते फक्त दोन अंगठे. आठवड्यात तेवढी वीस मिनिटं त्याचा जीव एका जागी थांबायचा, आणि त्या वीस मिनिटांसाठी तो उरलेला आठवडा काढायचा.

त्या रविवारी त्याने नवं पिवळं विमान आणलं होतं. पाच महिन्यांचं काम. त्यातलं शेवटचं काम त्याने शनिवारी घाईघाईत उरकलं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

या विमानांत एक सोय असते. रिमोट आणि विमानातला सिग्नल पकडणारा रिसीव्हर यांची पहिल्यांदा जोडणी करताना रिमोटवरची इंजिनाची दांडी खाली, म्हणजे बंदवर ठेवायची. रिसीव्हर ती जागा लक्षात ठेवतो. पुढे कधी सिग्नल तुटलाच, तर तो आपणहून इंजिन त्या जागेवर आणतो. म्हणजे विमान फार तर जवळपास कुठेतरी पडतं, लांब पळत नाही. भिंगरीने जोडणी नीट केली. मग त्याच्या लक्षात आलं की इंजिनात हवा सोडणारं तोंड उघडणारी छोटी मोटर उलटी चालतेय. दांडी खाली केली की तोंड उघडतं. त्याने रिमोटमध्ये दिशा फिरवली. दांडी बरोबर चालायला लागली आणि तो खूश झाला. पण रिसीव्हरला हे कुणी सांगितलंच नाही. त्याने ‘बंद’ म्हणून लक्षात ठेवलेली जागा खरं तर ‘पूर्ण चालू’ची होती. पुन्हा जोडणी करायला हवी होती. निदान उडवण्याआधी कुणाला तरी विमान घट्ट धरायला सांगून रिमोट बंद करून बघायचा. इंजिन मंदावलं की झालं. मिनिटभराचं काम.

विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी औषधाच्या दुकानाचा मालक होता. गोळ्या मोजाव्यात तसा एकेक नियम मोजून विचारायचा. “सिग्नल तोडून बघितलंस?”

“बघितलं,” भिंगरी म्हणाला. इंजिन सुरू होतं, वारा पडलेला होता, अंगठे शिवशिवत होते.

चौथ्या फेरीला सिग्नल तुटला आणि विमानाने ऐकणं सोडलं. त्याने दांडी डावीकडे दाबली, उजवीकडे दाबली, ते सरळच. आणि मग इंजिन मंदावायच्या ऐवजी किंचाळायला लागलं. पूर्ण ताकदीनं. मैदानाच्या कडेची झाडं ओलांडून ते पलीकडच्या वस्तीच्या दिशेनं गेलं. पिवळा ठिपका दिसेनासा झाला, आवाज बारीक होत गेला आणि मग एकदम थांबला.

सगळे झुडपांत दुपारपर्यंत शोधत फिरले. काही मिळालं नाही. बाकीचे लोक पंखाच्या आत आपला फोन नंबर लिहून ठेवतात. ह्याचा लिहायचा राहिला होता.

“घरी जा आणि गप्प बस,” सेक्रेटरी त्याला बाजूला घेऊन म्हणाला. “कुणाला लागलं असतं तर एव्हाना बोंब झाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर कळलं तर मैदान जाईल, पोरांसोरांसकट सगळ्यांचं.”

तो गप्प बसला, पण त्याचं मन बसेना. सोमवारी त्याने एका मशीनमध्ये सुई उलटी बसवली. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे अकरा चकरा मारल्या. तोच पेपर, त्याच बातम्या. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की हातातला पेचकस सोडून रस्त्यावर. कुठल्या बाजूला गेली? वस्तीच्या का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. समोरून पोलीस मोटारसायकलवरून गेला तरी हा मशीनमागे वाकायचा. डोळ्यांपुढे एकच चित्र: विमानाच्या नाकावरचा गरगरणारा पंखा आणि त्याच्यासमोर कुणीतरी, ज्याचा चेहरा नीट दिसत नाही.

मंगळवारी बायकोने त्याच्यापुढचं ताट उचलून घेतलं. “चार घासांत तीनदा उठलात. आता जेवू नका, बोला.”

त्याने सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं.

तिने ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, “मी रोज हात जोडते तेव्हा एकच मागते. आपल्या हातून कुणाचं वाईट होऊ नये. झालंय की नाही हे माहीतच नसेल, तर मी उद्या काय मागू?”

“पण विचारायचं कसं? जाऊन काय म्हणू, माझ्या विमानानं तुमच्यातलं कुणी मेलंय का?”

“ते तुमचं तुम्ही बघा. विमान बनवता येतं, वाक्य नाही बनवता येत?”

वाक्य काही बनलं नाही. बुधवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन वस्तीत गेला आणि दारोदार विचारू लागला, “मशीन दुरुस्त करायचंय का?” नजर मात्र छपरांवर, झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर. पहिल्या गल्लीत तीन मशीनं मिळाली, दुसऱ्या गल्लीत दोन. एक बाई म्हणाली, “भाऊ, मशीन खाली आहे. तुम्ही वर काय बघताय, पाऊस?”

शेवटच्या गल्लीत एक शिवणकामवाली उशांचे अभ्रे शिवून द्यायची. अंगणात एक झाड, दाराशी अभ्र्यांचे गठ्ठे. “टाके सुटतात बघा,” ती म्हणाली. तो ओसरीवरच्या मशीनपुढे बसला. आत, अंधाऱ्या खोलीत, तिची म्हातारी आई बल्बखाली डोळे बारीक करून अभ्र्यांचे लोंबते धागे कापत होती.

“आई, बाहेर बस की. भरदिवसा बल्ब कशाला?”

“नको.”

“बघा,” शिवणकामवाली त्याला म्हणाली. “वर्षानुवर्षं झाडाखाली बसणारी बाई. रविवारपासून उंबरा ओलांडत नाही. आभाळातून काहीतरी पडलं हो. आधी असा आवाज, जसं कुणी पत्रा फाडतंय. आई त्या स्टुलावर बसलेली होती. कात्री आत राहिली म्हणून उठली, आणि दोन पावलं आत येते न येते तोच धाडकन! स्टुलाच्या फळीतून आरपार.”

भिंगरीच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली. थेंबामागून थेंब पडत होता.

“पिवळं होतं,” आतून म्हातारी म्हणाली. “नंतर वास आला. पोट साफ करायला देतात ना, त्याचा.”

“ते कुठंय?” त्याने विचारलं.

“पोत्यात भरलंय, पिंपामागं. पोलिसांना द्यावं की भंगारवाल्याला, कळेना.”

आता मशीन नीट करायचं, पिशवी उचलायची आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. कुणाला लागलेलं नव्हतं. तीन दिवस जे हवं होतं ते कळलं होतं. त्याने शटल बसवलं, दोरा ओवला, चिंधीवर टाके मारून बघितले. सरळ, एकही सुटला नाही. तो उठला, पिशवी खांद्याला लावली, ओसरीच्या पायरीपर्यंत गेला. आत म्हातारी मान वाकडी करून बल्बाजवळ अभ्रा धरत होती. तो परत आला.

“ताई, ते विमान माझंय.”

“काय?”

“पोत्यातलं. मी उडवत होतो.”

शिवणकामवाली उभी राहिली. “आणि तुम्ही तासभर इथं बसून तेल घालताय? आई गेली असती तर? तेव्हाही येऊन तेलच घातलं असतं?”

“एक मिनिटाचं काम होतं,” तो म्हणाला. “उडवायच्या आधी बघायचं असतं. मी बघितलं नाही. आणि बघितलं म्हणून क्लबात सांगितलं.”

ती तोंडाला येईल ते बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. उद्या क्लबाची माणसं इथं येऊन उभी राहिली पाहिजेत, असं तिने बजावलं. तो हो म्हणाला. पोलिसांतही जाणार, म्हणाली. तो त्यालाही हो म्हणाला. शेवटी आतून आवाज आला.

“ए, इकडं बघ.” म्हातारीने आतूनच कात्रीचं टोक त्याच्याकडे केलं होतं. “स्टूल झाडाखाली आहे?”

“आहे, आजी.”

“भोकावर फळी टाक आणि बस. अभ्र्यांचा गठ्ठा घे. धागे काप.”

तो झाडाखाली जाऊन बसला. शिवणकामवालीने एक छोटी कात्री त्याच्या पुढ्यात आदळली. पहिले दोन अभ्रे पटकन झाले. तिसऱ्याला गल्लीच्या टोकाला एक मोटारसायकल सुरू झाली, आणि त्याची मान आपोआप खांद्यांत गेली. त्याने वर बघितलं. पानं, पानांमधून आभाळ. काही नव्हतं. तो खाली बघेपर्यंत पुन्हा वर बघावंसं वाटलं.

दारातून म्हातारी त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती.

“मलाही तसंच होतं,” ती म्हणाली.

खिशातला फोन वाजला. सेक्रेटरी होता. “कुठं आहेस? दुकान बंद दिसलं.”

“विमान वस्तीत सापडलं. मी सांगितलं त्यांना, माझं आहे म्हणून. तुम्ही उद्या या इथं.”

“सांगितलंस? अरे, अक्कल कुठं...”

“आणि रविवारी मी सिग्नल तोडून बघितलं नव्हतं. तेही उद्या सगळ्यांसमोर सांगतो.”

“आत्ता काय करतोयस?”

“बसलोय.”

“तू?”

“फोन ठेव,” म्हातारी आतून म्हणाली. “एका हातानं धागे कापले जात नाहीत.”

त्याने फोन ठेवला. ऊन झाडाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलं. पाय हलायला लागला की तो स्टुलाला घट्ट दाबून धरायचा. गठ्ठा अर्धा झाला तेव्हा आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. म्हातारीने ती उंबऱ्याशी आणली होती. दोन पाय आत, दोन बाहेर.

“आजी, किती वेळ बसायचं?”

“मी तिथं येईपर्यंत.”

त्याने पुढचा अभ्रा उचलला.