हात फिरवलेलं घोंगडं

मोबाइल वाजला की गेनूभाऊ "आलो" म्हणायचे. ऑर्डर आली की टिंग असा आवाज व्हायचा आणि दारात कुणी उभं राहून हाक मारावी तशी ते त्याला ओ द्यायचे. तोंडात घास असला तरी "आलो". कुणाच्या मयतीला बसले असले तर खालच्या आवाजात "आलो". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पुढे पुढे मोबाइल वाजलेला नसतानाही ते "आलो" म्हणायला लागले आणि माझं हसू आटलं.

बेल्ह्यात बाजारतळाशेजारी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गाव मला अण्णा म्हणतं, तोंडावर. मागे काय म्हणतं ते मी विचारत नाही, कारण माझी जीभ जरा तिखटच आहे. गेनूभाऊंच्या पार्सलांवर चिकटवायचे पत्त्याचे कागद माझ्याकडे छापले जायचे, त्यामुळे रोज दहाच्या सुमाराला स्वारी दुकानात हजर. बाराला मंचरहून कुरिअरची गाडी यायची. मधल्या दोन तासांत त्यांची जी तारांबळ उडे, ती मी चार वर्षं पाहिली.

माणूस मेंढपाळ घरातला. वाड्यात अजून वीसेक मेंढरं होती, ओसरीत माग होता. त्यांचे वडील घोंगड्यांची गाठोडी खांद्यावर टाकून पार तळेघरापर्यंत जायचे. तिकडची माणसं भातलावणीला डोक्यावरून घोंगडं घेऊन वाकायची. गेनूभाऊही तसेच बाजार करत फिरले असते, पण पुण्याला दिलेली मुलगी एका दिवाळीला आली आणि घोंगड्यांचे फोटो काढून बापाचं दुकान मोबाइलवर मांडून गेली. शहरातले लोक ध्यानाला बसायला घोंगडी घेऊ लागले. "पावसात भिजायची वस्तू ती, अण्णा," गेनूभाऊ म्हणाले, "आन् ह्ये लोक तिच्यावर डोळं मिटून बसत्यात. बसूंद्या बापडे."

त्यांच्या घरात एक रीत होती. मेंढरं रानात फिरतात, लोकरीत कुसळं अडकतात आणि कितीही पिंजली तरी विणलेल्या घोंगड्यात चार-दोन राहतातच. म्हणून अंगणात उन्हात घोंगडं पसरायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि या काठापासून त्या काठापर्यंत तळहात फिरवायचा. टोचलं की तिथलं कुसळ नखानं उपटायचं. मग उलट्या बाजूनं पुन्हा तेच. "हात फिरवल्याबिगर घोंगडं दारातनं जायाचं न्हाय," असं वडील सांगून गेलेले. आठवड्याला दोन ऑर्डरी होत्या तोवर हे बघायलाही छान वाटायचं. मग दिवसाला आठ झाल्या, सणासुदीला वीस. आजूबाजूच्या अकरा घरांचे बंद पडलेले माग त्यांनी सुरू करून दिले, विणकाम वाटून दिलं, पण हात फिरवायचं काम कुणाला दिलं नाही. हिरावहिनींनाही नाही.

"तिचा हात माज्यापरीस चांगला हाय," ते कबूल करायचे. "पर चांदण्या माज्या जात्यात ना."

चांदण्या म्हणजे गिऱ्हाइकं दुकानाला देतात ते तारे. पार्सल एक दिवस उशिरा गेलं की चांदणी ढळायची. सकाळी उठून देवाच्या आधी ते चांदण्या बघायचे.

त्याहून वाईट होतं ते माघारी येणारं पार्सल. त्यांच्यात दिलेलं घोंगडं कधी माघारी येत नसे. ज्याला दिलं तो माणूस गेला, तरच त्याच्या घरचे ते विणणाऱ्याच्या दारात आणून ठेवायचे. मग ते घरात न घेता वाड्यात कोकरांखाली अंथरायचं. आता पुण्या-मुंबईच्या लोकांना रंग आवडला नाही, आकार लहान पडला, नवऱ्याला वास आला, अशा कारणांनी घोंगडी परत यायची. कंपनीच्या हिशेबात ही रोजची गोष्ट. गेनूभाऊ मात्र ते पार्सल हातात घेऊन दाराबाहेरच उभे राहायचे. उंबऱ्याच्या आत त्यांनी एकही घेतलं नाही, की पुन्हा विकलं नाही. गिऱ्हाइकाचा नंबर कंपनी देत नाही, म्हणून निरोपाच्या चौकटीत ते एका बोटानं लिहायचे, "घरी सगळे खुशाल आहेत ना?"

उत्तर कुणाचंच यायचं नाही. उलट कंपनीनंच एकदा ताकीद दिली, गिऱ्हाइकांना खाजगी प्रश्न विचारू नका म्हणून. ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "इचारपूस करनं गुन्हा हाय का, अण्णा?"

मी म्हणालो, "तुमच्या कंपनीला माणूस कशाशी खातात ते माहीत नाही. सोडून द्या."

त्यांनी सोडलं नाही. वाड्यात एकावर एक घोंगडी अंथरली गेली. एवढी माणसं गेल्यासारखा तो ढीग दिसायचा आणि दिवसातून दोनदा तरी गेनूभाऊ त्याच्याकडे बघत बसायचे. अंगावरचा सदरा ढगळ झाला. बोलता बोलता गावातल्या माणसांची नावं विसरू लागले. एका सकाळी माझ्या दुकानात चहा आला. वाफा निघणारा काचेचा ग्लास त्यांनी सगळ्या मुठीत धरला आणि तसाच धरून बोलत राहिले. मी दोन बोटांनी कडा धरूनही फुंकर मारत होतो. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मंचरच्या डॉक्टरनं साखर सांगितली, वाढलेला दाब सांगितला, आणि महिनाभर मोबाइल दुसऱ्याकडे द्या म्हणून सांगितलं. येताना एस्टीत गेनूभाऊंनी पाच ऑर्डरी स्वीकारल्या. हिरावहिनी माझ्या दुकानात आल्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. "अण्णा, तुमचं ऐकत्यात ते. सुट्टी घाला म्हनावं. झोपंत बी हात फिरवत्यात गोधडीवर. ह्या मानसाचं काय खरं न्हाय."

दुकान काही दिवस बंद ठेवायची सोय अ‍ॅपमध्येच होती. बटण दाबायचं, तारीख टाकायची. मी चार वेळा सांगितलं. "बंद क्येलं की दुकान यादीत खाली जातंय," ते म्हणायचे. "पुन्हा वर कोन आननार? अकरा घरांचं माग हायत माज्यावर." यावर मी हात टेकले.

मग मी शहाणपणा केला. मंचरला माझे मेहुणे असतात. त्यांच्या नावानं, त्यांच्या पत्त्यावर मी एक घोंगडं मागवलं आणि तिथं जाऊन हात फिरवला. डाव्या काठाला तीन कुसळं होती, चांगली बोटात घुसणारी. गेनूभाऊंच्या घोंगड्यात कुसळ. मला भीती वाटली. आता याला एक धक्का बसला तरच हा थांबेल असं ठरवून मी ते माघारी धाडलं, कारण लिहिलं, "दर्जा खराब." त्यांच्या घरात माघारी आलेल्या घोंगड्याचा अर्थ काय होतो, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. एवढी वर्षं ऐकूनही आठवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी ते धावतच आले. चेहरा पांढराफटक. काखेत ते पार्सल. "अण्णा, मंचरला समदे बरे हायत ना? तुमच्या पावन्यांचं घोंगडं माघारी आलं. मागं लग्नात भेटल्याले ना मला ते?"

खोटं बोलायला सुचेना. मागवलं मीच, धाडलंही मीच, असं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घोंगडं काउंटरवर पसरलं आणि काठावरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"कुटं हाय कुसाळ?"

मी त्यांचं बोट धरून कुसळावर ठेवलं. "इथं."

"कुटं?"

मी बोट दाबलं. रक्ताचा थेंब आला. तो बघून त्यांना कळलं. त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. मग मोबाइल माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "घाला सुट्टी. किती दिसांची ते तुमीच टाका." मी पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकली. माझं डोकं तेवढंच चाललं, महिन्याची टाकावी असंही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात ते अंगणात बसले होते. पुढे घोंगडं होतं. पाठवायचं नव्हतं कुणाला, बोटांना पुन्हा कळतंय का एवढंच बघत होते म्हणे. मोबाइल बंद होता. हिरावहिनींनी आतून ऐकलं, ते "आलो" म्हणाले. त्या बाहेर आल्या तेव्हा गेनूभाऊ घोंगड्यावर पालथे होते आणि उजवा हात काठापर्यंत पोचला होता.

तेराव्याला पंगत बसली होती. अकरा घरांतली माणसं अंगणात होती. मुलीनं कुणाकुणाला कळवायला म्हणून मोबाइल सुरू करून कोनाड्यात ठेवला होता. तो वाजला. मग पुन्हा, मग लागोपाठ. मी टाकलेली तारीख उजाडली होती आणि दुकान आपोआप उघडलं होतं. सगळ्यांचे हात पत्रावळीवर थांबले. आम्ही सगळेच कशाची वाट बघतोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. वाड्यात एक मेंढरू ओरडलं.

हिरावहिनींनी मोबाइल माझ्याकडे आणला. "तारीख तुमी घातली व्हती, अण्णा. आता तुमीच बंद करा."

सहा ऑर्डरी होत्या. त्यांच्या वर एक निरोप होता, नाशिकच्या कुणा बाईंचा. घोंगडी लहान पडली म्हणून माघारी केली होती, घरी सगळे खुशाल आहेत, उत्तराला उशीर झाला, आपण कसे आहात? एवढ्या वर्षांत आलेलं हे पहिलं उत्तर. मी ते वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि वाड्यात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते मंचरचं घोंगडं होतं. झटकून, घडी घालून आणलेलं.

"ह्ये तेवढं घिऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमी हायत अजून."

ते मी घरी आणलं. डाव्या काठाची कुसळं मी काढलेली नाहीत.