छत्तीस अंशांच्या पाण्यातला थंडगार मासा

चहा घ्या, आणि पुढे हसू आले तर दाबू नका. मी त्या हसण्यास पात्र आहे. आयुष्यभर मुलांना सत्य शिकवणाऱ्या माणसाने एका माशापायी काय केले, ते ऐका.

नव्वदच्या दशकाची अखेर. दुबईत, करामा नावाच्या भागात आमचे बिऱ्हाड होते. मी एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवत असे. पहाटे स्नान, मग दोन तास पूजा व स्तोत्रे, सोमवारी उपवास, गुरुवारी शाकाहार. उरलेल्या दिवशी मासे. आम्ही सारस्वत, देवाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

समोरच्या खोलीत तांडेल राहायचा. देवगडचा, क्रेन चालवणारा, कुटुंब गावी. शुक्रवारी सुटी असे. त्या दिवशी तो उम्म अल कुवैनच्या खाडीवर गळ टाकायला जाई आणि परतताना शेरी नावाचा हातभर लांब मासा घेऊन आमच्या दारात उभा राही.

"वहिनी, तुम्ही करा, मी खातो!"

"भावजींच्या हाताला यश आहे हो!" आमची सौ. म्हणे. "नाहीतर आमच्याकडे पाहा. आठ वर्षे समुद्राकाठी राहतात, एक शिंपला आणलेला नाही."

मत्सर हा षड्रिपूंमधला सहावा. पहिले पाच मी काबूत ठेवले होते. सहाव्यापर्यंत पोहोचलोच नव्हतो. मला प्रामाणिकपणे वाटे, ही माझी सत्यनिष्ठा आहे.

कारण जुलै आला, तरी तांडेलचे मासे थांबेनात. आता तुम्हीच सांगा, दुबईचा जुलै! गार पाण्याचा नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतले उकळते पाणी अंगावर येते. किनाऱ्याचे पाणी न्हाणीघरातल्या घंगाळासारखे तापते. तशात मासा गळाला लागेल? सगळे हौशी मासेमार गळ गुंडाळून घरी बसले होते. मग हा एकटा कुठून आणतो? बाजारातून! दुसरे काय?

असत्य माझ्या घरात शिजत होते, आणि मी त्याला कोकम लावून खात होतो.

एका शुक्रवारी मी थर्मामीटर काढला. शाळेचा होता, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन घरी आणला होता. तांडेलच्या देखत तो माशाच्या तोंडात खुपसला. सहा अंश!

"मासा शीतरक्ताचा प्राणी आहे," मी म्हणालो. "त्याचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच तापते. मग हा कोणत्या समुद्रातला?"

"काय ओ सर! पकडल्या पकडल्या बर्फात टाकतो. नाहीतर घरी येईपर्यंत वास मारेल."

"आणि पाणी तापलेले असताना पकडता कसा?"

"आपण उन्हाळ्यात काय करतो? गीझर बंद ठेवतो, घरात असल्यानं त्यातलं पाणी गार राहतं, तेच घेतो. मासा पण तसाच. वरचं तापलं की खालच्या गारव्यात जाऊन बसतो. पहाटे चारला निघायचं, पुलाखालच्या खोल पाण्यात गळ सोडायचा, आणि ऊन चढलं की खलास! चला ना माझ्याबरोबर."

"मी एकटा जाईन," मी ताठ स्वरात म्हणालो. "पुढच्या शुक्रवारी या घरात समुद्रातला मासा येईल. बर्फाविना. बादलीतून."

माझी नववीतली मीरा पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, "प्रॉमिस, बाबा?"

"माझा शब्द आहे."

झाले. माशाचे राहू द्या, मुलीसमोर माझा शब्द पणाला लागला.

पुढच्या शुक्रवारी पहाटे चारला निघणे मला शक्य नव्हते. पूजा सोडून मासे मारायला जाणारा मी नव्हे. साग्रसंगीत पूजा आटोपून, नवा गळ आणि बादली घेऊन मी उम्म अल कुवैनला पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ऊन असे, की गाडीच्या दाराला हात लावून मी देवाचे नाव घेतले.

पुलाखाली उतरायला वाट खडकाळ होती. शिवाय तिथे बसणे म्हणजे तांडेलचे ऐकणे. मी उथळ किनारा निवडला. पाण्यात थर्मामीटर धरला. छत्तीस अंश.

पाहिलेत? माझे म्हणणे सिद्ध झाले होते! फक्त आता त्याच पाण्यातून मासा काढायचा होता.

दोन तास बसलो. डोके तापले, पाय शिजले, गळाला लावलेली कोळंबी जवळपास खाण्याजोगी झाली. मासा नाही. पुलाखालच्या सावलीत मात्र मधूनच काहीतरी सळकन हले. त्या माशांचासुद्धा मला हेवा वाटला.

अकरा वाजता मी तिथल्या छोट्या मासळीबाजारात उभा होतो. कसा गेलो, विचारू नका. पाय गेले. बर्फातली एक शेरी बोटाने दाखवली. विक्रेत्याने काहीतरी विचारले, मी मान हलवली. माझे सगळे लक्ष ओळखीचे कुणी पाहत नाही ना, याकडे होते.

घरी पोहोचलो तर तांडेल आधीच येऊन बसलेला. त्या दिवशी तो मुद्दाम खाडीवर गेला नव्हता. मी कागदात गुंडाळलेला मासा बादलीसकट ओट्यावर ठेवला.

"भेटला?" तांडेलचे डोळे खरोखर आनंदाने चमकले. "वा, सर!"

मीराने माझ्या खिशातला थर्मामीटर केव्हा काढून कागदातून डोकावणाऱ्या माशाच्या तोंडात घातला, कळले नाही.

"बाबा, फोर डिग्रीज." तिने माझ्याकडे पाहिले. "बट यू सेड, नो आइस."

देव्हाऱ्यातली समईही माझ्याकडेच पाहत असावी.

"अगं, तो मी दिलेला बर्फ!" तांडेल घाईने म्हणाला. "काल सरांच्या डिकीत मीच पेटी ठेवली. या उन्हात मासा टिकतो होय?"

मी मान डोलावली. मान डोलावणे हे बोलणे नव्हे, असे मी स्वतःला सांगितले.

तोवर सौ.ने कागद सोडला. "अहो, याचे खवले कुठे आहेत? कल्ले? पोटही साफ! हा मासा आंघोळ करून गळाला लागला का?"

तेव्हा मला आठवले. विक्रेता म्हणाला होता, "साब, क्लीनिंग करूँ?" आठ वर्षे करामाच्या दुकानात या प्रश्नाला मी होकारार्थी मान हलवत आलो होतो!

"तेही मीच सांगितलं, वहिनी," तांडेल म्हणाला. "किनाऱ्यावरच साफ करून आणा म्हटलं."

"म्हणजे सगळे तुम्हीच शिकवलेत म्हणा ना, भावजी! म्हणूनच यांना मिळाला."

हे मात्र सहन होईना. मासा माझा, पाप माझे, आणि कौतुक तांडेलचे? मी ताडकन उठलो.

"याने काही शिकवलेले नाही! बर्फही दिलेला नाही! हा मासा मी बाजारातून विकत आणला आहे!"

असे खणखणीत सत्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. कशासाठी बोललो, ते देवाला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही.

मीराने थर्मामीटर पुसून माझ्या खिशात परत ठेवला. सौ.ने पदराला हात पुसले.

"म्हणजे तुमची लाज राखायला भावजी खोटे बोलले? केवढे मोठे मन!"

आणि त्या शेरीचा मधला तुकडा तिने तांडेलच्या ताटात वाढला.