काचेपलीकडचा नेम

आमच्या मेहुण्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त झोपेत. जागेपणी त्यांना सगळं काचेतून बघावं लागे. "भावोजी, डोळा फसवतो. काच फसवत नाय!" आमच्या सौभाग्यवतींचे हे थोरले बंधू, कर्जतला रेडिओ दुरुस्त करत. घरातल्या झोपाळ्यावरून एस.टी. दिसावी म्हणून त्यांनी आंब्यावर, कौलांवर मिळून सहा आरसे बसवले होते. एस.टी. आलेली स्पष्ट दिसे. चप्पल शोधेपर्यंत गेलेलीही तितकीच स्पष्ट दिसे. बायकोसुद्धा त्यांनी आधी दुर्बिणीतून पसंत केली, आणि लग्नात ती बुटकी निघाली तेव्हा दुर्बिणीला दोष दिला नाही. "मांडवात उजेड कमी हाय," म्हणाले.

त्या काळात मी तालुक्याचा अर्जुन होतो. असं लोक म्हणत. मी फक्त त्यांना दुसरं काही म्हणू देत नसे. कोंडाणे लेण्यांच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचा नेमबाजीचा छोटा क्लब होता. शंभर पावलांवर कागदी लक्ष्य, त्याच्याखाली खंदक, आणि खंदकात ठाकरवाडीचे एक काका. गोळी जिथे लागेल तिथे ते काठीवरची पांढरी चकती टेकवत; हुकली तर लाल बावटा हलवत. माझ्या वेळी चकती हमखास मधोमध. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती, ती कुणाला द्यायची ते त्या रविवारी ठरणार होतं, आणि मी सासुरवाडीत आधीच पेढे वाटून बसलो होतो.

मेहुण्यांना पेढ्याबरोबर कल्पना सुचली. नेरळच्या एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा आणला, लक्ष्याशेजारी तिकाटण्यावर बांधला, म्हशींच्या पायात येऊ नये म्हणून वायर बांबूंवरून ओढली आणि इकडे क्लबच्या मांडवात टीव्ही मांडला. "आता शंभर पावलांवरचं भोक मांडी घालून बघा!"

मी पाच गोळ्या झाडल्या. पाचही वेळा चकती ऐटीत मधोमध टेकली. आणि टीव्हीवर, चकती बाजूला होताच, धुतल्या धोतरासारखा कोरा कागद!

सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, चाळणीलासुद्धा भोकं असतात."

मी खंदकाकडे धावलो. "काका, हे काय?"

"सायेब, तुमी पैल्या दिशी आलात, मी बावटा हालवला. तुमी चिडलात, नि पुढची गोळी खाली आली. खाली मी बसतो ना! तवापासनं बावटा हालवायचा नाय असं ठरवलं. चकती दावली की तुमी वर, लांब कुठंतरी मारता. आमी दोघं सुखी."

मी मान खाली घालून मांडवात परतलो, तर मेहुणे उठून उभे. ज्या माणसाने दुर्बिणीला दोष दिला नाही, तो माझं तोंड बघून सगळ्यांना म्हणाला, "कॅमेऱ्यात बिघाड हाय. काचेवर धूळ बसलीया. आलोच साफ करून." आणि तरातरा निघाले.

थोड्या वेळाने टीव्हीवर मेहुणे एका बाजूने दिसले. त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. खंदकातल्या काकांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मग खिशातून रेडिओचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि जीभ दाताखाली धरून कागदाच्या मधोमध, एकामागून एक, पाच भोकं पाडली. कॅमेरा आपल्याच बाजूला उभा आहे, हे तो बांधणाऱ्या मेहुण्यांच्या गावीही नव्हतं! चाळीस माणसं आ वासून बघत होती.

ते वळले तशी सौभाग्यवतींनी उठून टीव्ही बंद केला.

मेहुणे कागद फडकवत आले. "सांगितलं ना, धूळ होती! बघा, पाचच्या पाच!" मांडवात कुणी हसलं नाही. उलट क्लबच्या अध्यक्षांनीच टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. मी खांदा दुखतो म्हणून संघातून नाव काढून घेतलं. बंदूक पुन्हा हातात धरली नाही. काकांनी त्या दिवाळीत वाडीवरून करांद्याचे कंद पाठवले.

त्या दिवशी टीव्हीवर काय दिसलं, हे मेहुण्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. अख्ख्या कर्जतला ठाऊक होतं, तरी नाही. आता ते नाहीत. आंब्यावरचा एक आरसा तेवढा उरलाय, त्यात रिकामा झोपाळा दिसतो. तो कागद माझ्या कपाटात आहे. कधीतरी काढतो, खिडकीच्या उजेडात धरतो. पाचच्या पाच, अगदी मधोमध. काय नेम होता माणसाचा!